टेंभरखाप्याचे उपडे दगड

विजेची एसटी आवाज न करता येते आणि आवाज न करता जाते. टेंभरखाप्याच्या फाट्यावर कौतिका उतरली, पेटी खाली ठेवली, मागे वळून पाहिलं, तर गाडी नाहीच. आपण आलो की कुणी आणून सोडलं, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

फाल्गुनातली दुपार होती. मोहाच्या फुलांचा गोडसर, जड वास माळावर भरून राहिला होता. हा वास डोक्यात चढला की माणूस अर्धा झोपेत चालायला लागतो. समोर पाव कोसावर ती वर्तुळं दिसत होती. एक मोठं, सतरा दगडांचं, आणि त्याच्या आसपास लहान एकवीस. उन्हाच्या झळांमध्ये दगड जमिनीपासून सुटून वीतभर वर तरंगत असल्यासारखे दिसत होते. तीन हजार वर्षांपूर्वी इथं कोण माणसं राहत होती, कोणती भाषा बोलत होती, कुणाला ठाऊक नाही. त्यांनी लोखंड वितळवलं, घोडे पाळले आणि मेलेल्याला मातीत ठेवून त्याच्याभोवती दगडांचं कडं उभं केलं. बाकी सगळं गेलं, कडी राहिली.

पन्नाशीच्या कौतिकाचं हे माहेर. पण फाट्याच्या पुढं तिनं सव्वीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

ती आली होती सरकारी कामानं. मोठ्या वर्तुळातला पूर्वेचा एक दगड फार जुन्या काळी पालथा पडलेला होता, तो वाचायचा होता. हे झालं कागदावरचं काम. खरं काम तिच्या पोटात होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात. पाझराचं माहीत नाही, पण दगडाला आठवण असते, हे गेल्या सहा वर्षांत शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं. दगडात गारगोटीचे बारीक कण असतात. माती-खडकांत सगळीकडे जो सूक्ष्म किरणोत्सर्ग असतोच, त्यानं या कणांमध्ये ऊर्जा थेंबाथेंबानं साठत जाते, आणि ऊन लागलं की ती सांडून जाते. अंधारात भरायचं, उजेडात रिकामं व्हायचं, असा त्यांचा स्वभाव. खडकातून ताजा फोडलेला दगड आतून काठोकाठ भरलेला असतो. तो उन्हात उभा केला की वरचा पापुद्रा रिकामा होतो, मग त्याखालचा, मग त्याखालचा. वर्षं जातील तसा उजेड आत उतरत जातो. दगड उजेडात शेवटचा कधी होता, हे शास्त्रज्ञ त्यावरून पूर्वीपासून सांगत होतेच. नव्या यंत्रानं एवढंच केलं, की उजेड दगडाच्या कोणत्या भागात किती खोल गेला, ते केसाच्याही दहाव्या हिश्शापर्यंत मोजलं. आणि मग असं लक्षात आलं, की ठरल्या जागी रोज कुणी बसत असेल तर त्याच्या अंगाआड उजेड कमी शिरतो. माणूस वर्षानुवर्षं बसला तर त्याची आकृती दगडात उतरते. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला सावलीयंत्र करून टाकलं.

अटी दोन होत्या. सावली उतरल्यावर तो दगड पालथा होऊन अंधारात गेलेला हवा, नाहीतर नंतरचं ऊन सगळं पुसून टाकतं. आणि वाचायचं तर साठलेली ऊर्जा सांडावीच लागते, म्हणून सावली एकदाच दिसते. पाहिली की संपली.

अटी लोकांच्या डोक्यात कधी शिरतात? नागपूरच्या प्रयोगशाळेपुढं लोक उंबरठे घेऊन आले, पाटे घेऊन आले, एक जण तर विहिरीचा काठच उखडून घेऊन आला, त्याची आई तिथं टेकायची म्हणून. शंभरातल्या नव्याण्णव दगडांत काही नसायचं. कौतिकानं त्या माणसांना पाणी देऊन परत पाठवायचं काम चार वर्षं केलं. पण टेंभरखाप्याची गोष्ट निराळी होती. इथं घरटी कर्त्या माणसाचा एक बसायचा दगड असतो, त्यानं स्वतः फोडून आणलेला. माणूस मेला की दहाव्याला तो दगड जागच्या जागी उपडा करतात. ‘माणूस निजला, दगडही निजला,’ म्हणतात आणि त्याच्यावर पुन्हा कुणी बसत नाही. ही रीत आणखी कुठं नाही. ती त्या वर्तुळवाल्या लोकांकडून आली की कुणा आळशी वारसानं पाडली, देव जाणे.

म्हणजे या एवढ्याशा गावात शंभराच्या वर सावल्या झोपलेल्या होत्या. गेल्या वर्षी कुणी हौशी माणूस यंत्र घेऊन आला आणि त्यानं डोमाजीचा दगड वाचला. डोमाजी जन्मभर ब्रह्मचारी. त्याच्या दगडावर दोन माणसांच्या बसण्याच्या खुणा निघाल्या, एक मोठी, एक लहान. गाव आठवडाभर पोट धरून हसलं. मग गावातल्या एका म्हातारीनं घराबाहेर पडणं सोडलं, तेव्हा गाव गप्प झालं.

कौतिकाला वाचायचा होता तो तिच्या बापाचा दगड.

तिचा बाप कवडूजी हा या वर्तुळांचा राखणदार. पगारी नव्हे, त्याचा बाप राखत होता म्हणून तो राखायचा. कड्याच्या आत पाय टाकायचा नाही आणि मोहाची पहिली ओंजळ मोठ्या दगडापाशी ठेवायची, एवढंच त्या राखणीचं शास्त्र. कौतिका शिकली, नागपूरला पुरातत्त्व शिकायला गेली, आणि चोविसाव्या वर्षी तिनंच आपल्या सरांना या माळावर आणलं. मोठं वर्तुळ खणलं गेलं. माणसाची हाडं निघाली, तांब्याची कडी निघाली, लोखंडी कुऱ्हाड निघाली. कवडूजी कड्याबाहेर उभा राहून पाहत होता. संध्याकाळी तो लेकीला म्हणाला, “झोपलेल्याले उठवलं तू. आता मले तोंड नोको दावू.”

तिनं नाही दाखवलं. बापावर गेली होती ती.

तीन वर्षांनी तिला राहवलं नाही. ती फाट्यावर उतरली, तिथल्याच आंब्याच्या झाडापर्यंत आली. लांब माळावर बापाची नवी खोपटी दिसत होती, गवतानं शाकारलेली. एका अंगाला सडकेकडं उघडी, दुसऱ्या अंगाला वर्तुळाकडं. आत दगडावर तो बसलेला होता, नुसता एक काळा ठिपका. त्याचं तोंड तिच्याकडं होतं की पाठ, ते तिला कळेना. ऊन डोळ्यांवर होतं. तोंड इकडं असेल तर तो वाट पाहतोय. पाठ असेल तर त्याला अजून त्या उठवलेल्या मेलेल्याचाच घोर आहे. आंब्याखाली ती बराच वेळ उभी राहिली आणि परतीच्या गाडीनं निघून गेली. त्यानंतर आठ वर्षांनी कवडूजी वारला. धाकट्या भावाचा, शालिकचा, फोन आला तेव्हाही ती आली नाही. मेलेल्या बापाला तरी तोंड कसं दाखवायचं? पुढं भावाबहिणीचं बोलणं दिवाळीपुरतं उरलं. ‘बरं हाये ना?’ ‘बरं हाये.’ की ठेवला फोन. तोंड कुठं होतं, हा प्रश्न मात्र तेवीस वर्षं तिच्याबरोबर जेवला, झोपला.

“आली काय बाई?”

शालिक खोपटीतून बाहेर आला. आता तो खात्याचा पगारी चौकीदार होता. तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण केस तिच्याआधी पांढरे झालेले. तिनं मान हलवली.

“चहा घेशीन? रुख्मानं घरून थर्मासात भरून देल्ला.”

“आधी काम करू.”

“बरं.” त्यानं तिच्या हातातली पेटी घेतली. “बापरे, शिवणयंत्र हाये का काय?”

मोठ्या वर्तुळापाशी आल्यावर दोघंही कड्याबाहेर थबकले. हसावं असं तिला वाटलं, पण हसू आलं नाही. मग शालिकनंच डोळे मिटून पाय आत टाकला आणि मागोमाग ती गेली.

पालथ्या दगडावर त्यांनी काळा तंबू ताणला, कडा मातीनं दाबल्या. शालिकनं सब्बल घेतली.

“हा तंबू कायले?”

“यंत्राले उजेड नाही चालत,” ती म्हणाली. चार वर्षं तेच ते सांगून ती कंटाळली होती.

आत मंद लाल दिवा होता. बाहेर भर दुपार असून आत स्वतःचा हात जेमतेम दिसत होता. शालिकनं सब्बल घातली, दगड उचलला, खाली लाकडाचे ओंडके सारले. दगडाच्या पोटाखालून ओल्या मातीचा थंड वास आला आणि मोहाच्या वासात मिसळला. कौतिकानं यंत्र दगडाच्या त्या खालच्या अंगासमोर धरलं आणि चालू केलं. पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली. दोघं गुडघ्यांवर बसून पाहत राहिले. किती वेळ गेला ते दोघांनाही कळलं नाही. बाहेर कुठं तरी भारद्वाज घुमत होता, त्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

आधी कंबर आली. मग वाकलेली पाठ, मग मान. गुडघे पोटाशी घेतलेलं, लहान चणीचं कुणी तरी दगडाला पाठ टेकून बसलं होतं.

“अरे बाप्पा,” शालिक पुटपुटला आणि त्यानं हात जोडले. “बाई मानूस हाये.”

“ते नाही सांगता येत.”

“मान पाह्य ना. बाई मानूसच हाये.”

कौतिकानं आकडे पाहिले. “बावीस वर्षं बसली आहे. जवळजवळ रोज, सकाळची. मग दगड पडला.”

“कोणापाशी बसे?”

वर्तुळाच्या मधोमध जिथं तिनं सव्वीस वर्षांपूर्वी स्वतः फावडं धरलं होतं, तिकडं त्या आकृतीचं तोंड होतं. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी कुणी बावीस वर्षं इथं येऊन बसलं, ती हाडं आता एका संस्थेच्या कपाटात क्रमांक लावून ठेवलेली होती. तो क्रमांक तिनंच लिहिला होता. कौतिकाला आपल्या बापाचा राग आज पहिल्यांदा कळला. तिला फार वाईट वाटलं.

“आता हे सावली याच्यात हाये अजून?” शालिकनं विचारलं.

“नाही. एकदाच दिसते. चित्र राहते आपल्याजवळ.”

शालिकनं दगडावरून हात फिरवला. “म्हंजे आता दोघंही गेले इथून,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तंबू गुंडाळून होईपर्यंत ती तोंडाशी आलेला शब्द गिळत राहिली. हा माणूस आता आपल्याला बापाच्या दगडाला हात तरी लावू देईल का? शेवटी ती म्हणाली, “शालिक, बाबांचा दगड...”

शालिकचा चेहरा उजळला. “मले ठाऊकच होतं! तुहं येण्याचं पत्र आलं ना, त्याच दिवशी म्या रुख्माले म्हटलं, बाई बाबाचा दगड पाहीनच. चाल, तयारी करून ठेवली हाये.”

तो तिला खोपटीच्या मागं घेऊन गेला.

दगड उन्हात होता. उताणा, लख्ख घासलेला, चारी कोपऱ्यांवर मोहाची ताजी फुलं ठेवलेली.

“दीड महिना झाला,” शालिक कौतुकानं सांगत होता. “खोपटीत उपडा होता तो इथं आणला. केवढी माती बसली होती, बाप्पा! चिंच लावून घासला, राखीनं घासला. म्हटलं, बाई एवढं मोठं यंत्र घेऊन येऊन राह्यली, बाबाचा दगड असा मळका कसा द्याचा? रोज उन्हात राहू देल्ला, म्हंजे ओल नाही राह्यली पाह्यजे.”

कौतिकाच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. खोपटीच्या छपराखाली उन्हाचा शंभरावा भागही येत नसेल. अकरा वर्षांत त्या दगडानं जेवढा उजेड पाहिला, तेवढा या चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी त्याच्या अंगात ओतला होता. बापाची सावली होती ती धुऊन, पुसून, वाळवून ठेवलेली होती.

“कोणी सांगितलं होतं तुले हात लावाले?” ती एकदम ओरडली. “कोणी सांगितलं होतं? गेलं सगळं! काही नाही राहिलं त्याच्यात! उन्हानं पुसल्या जाते ते, शालिक, उन्हानं! तंबू काय मी शोभेला लावला होता?”

शालिक पाहतच राहिला.

“म्या पुसलं बाबाले?”

ती त्या तापलेल्या दगडावर मटकन बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तेवीस वर्षांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर चिंच लावून घासलेलं. तिला रडू येत होतं आणि मधेच हसूही फुटत होतं, कारण दगड खरोखर फार सुंदर घासला होता.

शालिक तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं विचारलं, “काय पाह्याचं होतं तुले याच्यात?”

“तो कोणीकडं तोंड करून बसे. सडकेकडं, का वर्तुळाकडं.”

“अन्?”

“अन् काही नाही. एवढंच.”

शालिकच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की तिनं हात खाली घेतले.

“एवढ्यासाठी यंत्र?” तो म्हणाला. “बाई, अकरा वर्षं त्याची भाकर म्या आणली इथं. मले काऊन नाही विचारलं?”

“भेव वाटे,” ती म्हणाली.

शालिकनं मातीत बोटानं एक रेघ ओढली, पुसली. मग तो सांगायला लागला. “पह्यले तीन वर्षं सडकेकडं. सकाळची गाडी पाहे, दुपारची पाहे. मंग एक दिवस तू आली.”

“पाहिलं त्यानं?”

“चालीवरून ओळखली. उठून उभा राह्यला. तू आंब्याखाली थांबली. म्या म्हटलं, धावत जातो, आणतो बाईले. त्यानं माहा हात धरला. म्हणे, ‘जाऊ दे. तोंड नोको दावू म्हटलं होतं म्या. पोरीनं बापाचा शब्द पाळला. आता मीच कसा मोडू?’ तुही गाडी जायेपावतर तसाच उभा होता.”

कौतिका पुढं झुकली. “मंग?”

“मंग दुसऱ्या दिवसापासून सडकेकडं पाठ करून बसाले लागला. मरेपावतर तसाच. एक दिवस म्या विचारलं, एवढा राग आला काय बाईचा? तर हासला. म्हणे, ‘येडा हायेस. मी तिकडं तोंड करून बसलो तर तिले येता नाही येत. पाठमोरा असलो तर मागून येईन अन् बसंन बाजूले. तिनं तोंड दावलं नाही, म्या पाह्यलं नाही. कोणाचाच शब्द मोडत नाही.’”

कोपऱ्यावरचं मोहाचं एक फूल घरंगळून खाली पडलं. दोघांपैकी कुणी ते उचललं नाही.

यंत्र खोटं बोललं नसतं. त्यानं स्वच्छ दाखवलं असतं: कवडूजी आठ वर्षं रस्त्याकडं पाठ करून बसला. तिनं ती पाठ पाहिली असती, आकडे तपासले असते, पेटी बंद केली असती आणि उरलेला जन्म ती पाठ डोळ्यांपुढं ठेवून काढला असता. शास्त्राची चूक कुठंच निघाली नसती.

“मागून कोणाचे पाय वाजले का डोळे मिटून घे,” शालिक पुढं सांगत होता, जसं काही पेरणीचं सांगावं. “मिटूनच विचारे, ‘कोण?’ मी म्हणो, ‘मी, शालिक.’ मंग उघडे.”

“आठ वर्षं?”

“रोज. भाकर मीच आणे ना.”

कौतिकानं भावाकडं पाहिलं. आल्यापासून तिनं त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. आठ वर्षं रोज दुपारी बापानं डोळे उघडले आणि समोर तो, म्हणजे ती नाही. हे त्यानं रोज पाहिलं होतं आणि भाकर पुढं केली होती. आणि ती येणार म्हटल्यावर, त्याच मोठ्या बहिणीसाठी, दीड महिना दगड घासला होता.

सूर्य कलला होता. वर्तुळाच्या दगडांच्या सावल्या लांब होऊन त्यांच्या पायांपर्यंत आल्या होत्या. तिनं यंत्राची पेटी पायानं बाजूला सारली आणि दगडावर सरकून त्याला जागा केली. तो नको नको म्हणत होता, बाबांचा दगड म्हणून. तिनं त्याचा हात धरून ओढला तेव्हा तो बसला.

“शालिक,” ती म्हणाली, “तू जेवला काय रे?”

“नाही,” तो म्हणाला. “तुहीच वाट पाहून राह्यलो होतो.”